नामशेष : शिसपेन्सिलीच्या बुडख्याविषयी एक शोधनिबंध

शिसपेन्सिलीला दोन टोके असतात, असे मानणारे लोक समाजाच्या सर्व थरांत आढळतात. ते चुकतात. दुकानातून आणलेल्या कोऱ्या पेन्सिलीला एकही टोक नसते. तिला दोन बुडखे असतात. टोक ही तिला संस्काराने प्राप्त होणारी अवस्था आहे, आणि हा संस्कार दोहोंपैकी कोणत्या बुडख्यावर करावा, एवढाच या निबंधाचा विषय आहे. मागे खोडरबर बसवलेल्या पेन्सिली विचारातून वगळल्या आहेत. तिथे निवडीला वाव नाही, आणि निवड नाही तिथे शास्त्राला काम नाही. कारखान्यातूनच टोक काढून येणाऱ्या पेन्सिलीही वगळल्या आहेत. परस्पर मुंज उरकून आलेल्या बटूपुढे गुरुजींनी काय बोलावे?

वस्तुस्थिती अशी : पेन्सिलीच्या एका अंगाला कंपनीचे नाव छापलेले असते, दुसरे अंग कोरे असते. यावरून पेन्सिलधारकांचे दोन पंथ पडतात. नावाच्या बाजूने टोक काढतात ते नामभक्षक, कोऱ्या बाजूने काढतात ते नामरक्षक. नामभक्षकांचे म्हणणे असे की, लिहिण्याचे काम शिसे करते, नाव करत नाही. तेव्हा निरुपयोगी भाग आधी खपवून टाकावा. नावाखालीही तेवढेच शिसे असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नामरक्षक म्हणतात, पेन्सिल कुणाची, एचबी की टू-बी, हे शेवटपर्यंत कळले पाहिजे. त्यांची पेन्सिल झिजत झिजत बोटाच्या पेरावर येते तेव्हा तिच्यावर नाव तेवढे शिल्लक असते. मराठीत याला नामशेष होणे म्हणतात. माणसाच्या किंवा मोडी लिपीच्या बाबतीत हा शब्द आपण सुस्कारा टाकून वापरतो. पेन्सिलीच्या बाबतीत ती सद्गती आहे.

या वादात भाषेची मदत होईल असे सुरुवातीला वाटले होते, पण मराठीने भलताच घोटाळा करून ठेवला आहे. जो नाव काढतो त्याची मराठीत पाठ थोपटतात, आणि जो नाव ठेवतो त्याला निंदक म्हणतात. नामरक्षकांची बाजू व्याकरणातच पडते. म्हणून आम्ही इतिहासाकडे वळलो. पेन्सिलीवर नाव मुळात आले कुठून, हे कळले तर ते कापावे की राखावे, याचा निकाल लागेल अशी आशा होती.

पण आधी शिशाचा प्रश्न. शिसपेन्सिलीत शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यात बॉरोडेल इथे एक काळा, मऊ, हाताला लागणारा खनिज पदार्थ सापडला. मेंढपाळ त्याने आपापल्या मेंढ्यांवर खुणा करत, असे सांगतात. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो, हे वेदान्तातले जुने उदाहरण. इथे कोळशाच्या जातभाईवर शिशाचा भास झाला. १७७९ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने हा कार्बन आहे असे दाखवून दिले, आणि १७८९ साली वेर्नर याने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. भ्रम फिटला, नाव फिटले नाही. जर्मन लोक अजून पेन्सिलीला 'ब्लाय-श्टिफ्ट' म्हणतात, म्हणजे शिशाची काडी. आपणही शिसपेन्सिलच म्हणतो, कारण नुसते 'पेन्सिल' म्हटले की आपल्याकडे बरीच वर्षे पाटीवरची पेन्सिल समजली जाई, जी लिहिण्याइतकीच खाण्यासाठीही प्रसिद्ध होती. एकूण पेन्सिलीच्या प्रांतात वस्तू नाहीशी झाली तरी नाव टिकते, हा पहिला पुरावा आम्ही नोंदवून ठेवतो. मेंढ्यांवरच्या त्या खुणाही ध्यानात असू द्याव्यात. ग्रॅफाइटने जगात केलेले पहिले काम जर काही असेल, तर ते 'ही माझी' असे म्हणण्याचे आहे.

आता नाव. त्यासाठी बव्हेरियातल्या न्यूरेंबर्ग शहराबाहेर श्टाइन या गावी जावे लागते. श्टाइन म्हणजे दगड. न्यूरेंबर्ग हे पेन्सिलींचे जुने माहेर. श्टेटलर घराण्यातला फ्रीडरिश तिथे १६६२ साली पेन्सिली करत होता. पण शहरात कारागिरांना नियमांचा काच फार. कोणी काय करावे आणि काय करू नये हे नगरसभा ठरवणार. श्टाइन शहराच्या हद्दीबाहेर होते. तिथे कास्पर फाबर नावाच्या सुताराने १७६१ साली पेन्सिली करायला घेतल्या. त्याच वर्षी जानेवारीत इकडे पानिपत झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध सिद्ध करण्याचा मोह आम्ही मोठ्या कष्टाने आवरला आहे.

कास्परनंतर त्याचा मुलगा आंटोन विल्हेल्म. त्याने धंदा वाढवला, जागा घेतली. पण आमच्या दृष्टीने त्याचे मुख्य कार्य म्हणजे त्याला दोन नावे होती, आणि त्यामुळे पुढे 'ए. डब्ल्यू.' ही आद्याक्षरे मिळाली. त्याचा मुलगा गेऑर्ग लेओनहार्ड. याच्या वाट्याला पडता काळ आला. फ्रान्समध्ये काँते याने १७९५ सालीच ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून ती भाजायची युक्ती काढली होती, इंग्लंडकडे बॉरोडेलचे अस्सल ग्रॅफाइट होते, आणि मधल्या मधे बव्हेरियन पेन्सिलीला कुणी विचारत नव्हते.

चौथा लोथार. घराण्याच्या इतिहासात चौथी पिढी बहुधा विकायला काढते. याने उलटे केले. १८३९ साली वडील गेले, तेव्हा हा बावीस वर्षांचा होता आणि पॅरिसमध्ये जग पाहत होता. परत आल्यावर त्याने पेन्सिलींची लांबी, जाडी आणि कठीणपणा यांची मापे ठरवून टाकली. षट्कोनी पेन्सिल रुळवली, ती टेबलावरून गडगडत जाऊ नये म्हणून. (षट्कोनाचा दुसरा उपयोग, म्हणजे सहा बाजूंवर धावा खोदून मागच्या बाकावर क्रिकेट खेळणे, हा मात्र भारतीय उपखंडातील शालेय संशोधनाचा भाग आहे. त्याचे श्रेय लोथारला देता येणार नाही.) आणि तिसरे म्हणजे त्याने आपल्या मालावर नाव ठसवले : ए. डब्ल्यू. फाबर.

इथे क्षणभर थांबावे. पेन्सिल ही तोवर बहुतांशी निनावी वस्तू होती. खिळ्यावर कोण नाव घालतो? सुतळीवर कोण घालतो? आणि लोथारने घातले ते नाव स्वतःचे नव्हते, आजोबांचे होते. 'आजोबांचे नाव काढलेस' हे आपण ज्याच्याबद्दल म्हणतो त्याने आजोबांचे नाव बहुधा कुठेच घातलेले नसते. याने शब्दशः घातले, तेही अशा वस्तूवर जी वापरणाऱ्याने रोज थोडी थोडी तासून केरात टाकायची आहे. पणजोबांपासून सुतारकी असलेल्या घरातल्या माणसाला हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? आमचा तर्क असा, की त्याने ग्राहकाच्या श्रद्धेवर भरवसा ठेवला. नाव ठसवलेल्या बाजूला हात लावायला माणूस कचरेल, कोऱ्या बाजूने सुरुवात करेल, आणि आजोबा शेवटपर्यंत टिकतील.

नावाला किंमत आली की त्याच्या मागून बाकीचे सगळे येते. १८४९ साली न्यूयॉर्कला शाखा निघाली, १८५१ साली लंडनला, मग पॅरिसला. बॉरोडेलची खाण रिकामी होत चालली, तेव्हा आलिबेर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याला सैबेरियात इर्कुत्स्कच्या बाजूला उत्तम ग्रॅफाइट सापडले. लोथारने १८५६ साली त्याच्याशी करार केला. ते ग्रॅफाइट आधी रेनडिअरच्या पाठीवरून यायचे. कुठे सैबेरियातला बर्फ, कुठे ते रेनडिअर, आणि एवढा प्रवास करून शेवटी कुणीतरी त्याने वाण्याचा हिशेब मांडायचा आणि टोक मोडले म्हणून चडफडायचे. १८६२ साली लोथारला सरदारकी मिळून तो 'फॉन' फाबर झाला. म्हणजे पेन्सिल वापराने आखूड होत होती आणि नाव वापराने लांब होत होते. याच कुटुंबात पुढे ते आणखी लांबणार होते, पण त्याआधी चोर आले.

'ए. डब्ल्यू. फाबर' हे नाव खपते असे दिसल्यावर कुणीही ते कशावरही छापू लागले. लोथारने १८७४ साली जर्मन संसदेकडे अर्ज केला की मालावरच्या नावाला कायद्याचे संरक्षण हवे. १८७५ साली तसा कायदा अमलात आला. आज औषधाच्या गोळीपासून मिसळ मसाल्यापर्यंत जे नाव नोंदवले जाते, त्याच्या जर्मन शाखेच्या मुळाशी एक पेन्सिलवाला आहे.

कायद्याने परके चोर आवरले. घरच्यांचे काय करणार? लोथारचा धाकटा भाऊ एबरहार्ड न्यूयॉर्कला शाखा सांभाळायला गेला, आणि १८६१ साली त्याने तिथे पेन्सिलींचा कारखाना काढला. पुढे त्याच्या घराण्याच्या पेन्सिलींवर 'एबरहार्ड फाबर' असे आले. दुसरा भाऊ योहान. तो १८७६ साली बाहेर पडला, आणि दोन वर्षांत न्यूरेंबर्गमध्येच 'योहान फाबर' हा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. आता तोही जन्माने फाबर. त्याला तू फाबर नाहीस असे कोण सांगणार? मराठी वाचकाला भाऊबंदकी समजावून सांगणे म्हणजे कोकणातल्या माणसाला फणस दाखवण्यासारखे आहे, म्हणून तपशिलात जात नाही. बांधावरून व्हायचे ते तिथे बारशाच्या नावावरून झाले, इतकाच फरक. योहानची कंपनी पुढच्या शतकात मूळ कंपनीतच विलीन झाली. एबरहार्डच्या घराण्याची अमेरिकी कंपनीही १९८०च्या दशकात मूळ घराकडे गेली. वाटण्या पुन्हा एक व्हायला शंभरावर वर्षे लागली. आमच्या पाहण्यातल्या वाटण्यांच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणावा लागेल.

या शोधाचा कळसाध्याय मात्र एका संयोगचिन्हाचा आहे. लोथारचा एकुलता एक मुलगा विल्हेल्म १८९३ साली वारला. विल्हेल्मचे मुलगे आधीच लहानपणी गेले होते. १८९६ साली लोथारही गेला. उरल्या नाती. आपल्याकडे अशा वेळी भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतात. पण इथले भाऊबंद समोरच दुकान लावून बसलेले. लोथारने ठरवून ठेवले होते की फाबर हे नाव चालू राहिले पाहिजे. म्हणून १८९८ साली थोरली नात ओटिलिए हिचे काउंट आलेक्झांडर त्सु कास्टेल-र्‍यूडेनहाउझेन याच्याशी लग्न झाले, तेव्हा बव्हेरियाच्या दरबाराची रीतसर मंजुरी घेऊन नवऱ्याने बायकोचे नाव लावले. फाबर आधी, कास्टेल नंतर, मधे आडवी रेघ. लग्नानंतर आडनाव बदलण्याचा विषय आपल्या घरांत निघाला की आवाज चढतात. तिकडे मध्ययुगापासून चालत आलेल्या सरदार घराण्यातल्या जावयाने पेन्सिलीवरचे नाव लावले, आणि आपले, कुळाचे, ते मागे जोडून दिले. ही रेघ कशाने मारली होती, याची नोंद नाही. शाईने असावी. पेन्सिलीने मारली असती तर खोडता आली असती, आणि तसा प्रसंग आलाही : १९१८ साली दोघांनी घटस्फोट घेतला. नवरा-बायको विभक्त झाली. संयोगचिन्ह राहिले. आजही आपल्या मुलांच्या रंगपेटीवर ते सुखाने नांदताना दिसते.

याच आलेक्झांडरच्या काळात, १९०५ साली, गडद हिरव्या रंगाची 'कास्टेल ९०००' निघाली. ती अजून निघते. तिच्या जाहिरातीत दोन घोडेस्वार भाल्यांऐवजी पेन्सिली घेऊन एकमेकांवर चाल करून जातात. त्या काळी बाजारात दबदबा होता तो हार्टमुट घराण्याच्या पिवळ्या पेन्सिलीचा. तिचे नाव 'कोहिनूर'. हिरा आपला, गेला इंग्लंडला, आणि त्याचे नाव लागले ऑस्ट्रियन पेन्सिलीला. यात रसायनशास्त्राला धरून एक खोच आहे : हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच. एक तिजोरीत जातो, दुसरा कंपासपेटीत. भाऊबंदकी मूलद्रव्यांतही असते.

मोठ्यांच्या साक्षी थोडक्यात सांगतो. व्हॅन गॉगने १८८३ साली आपल्या चित्रकार मित्राला, फान राप्पार्डला, लिहिलेल्या पत्रात फाबरच्या पेन्सिलींची नाव घेऊन तारीफ केली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गचा खटला चालला, तेव्हा जगभरच्या वार्ताहरांचा तळ फाबर-कास्टेलांच्या श्टाइन इथल्या वाड्यात होता. पुढे जर्मनीचे चान्सेलर झालेले विली ब्रांट त्यांत होते. अलीकडच्या काळात घराण्याचे प्रमुख आंटोन-वोल्फगांग यांनी पेन्सिलीचे शिसे आतून मोडत नाही हे सिद्ध करण्यासाठी वाड्याच्या मनोऱ्यावरून १४४ पेन्सिली खाली फरसबंदीवर टाकल्या. एकशे चव्वेचाळीस म्हणजे बरोबर एक ग्रोस. व्यापारी माणूस धाडसही घाऊक भावाने करतो. आज ही कंपनी वर्षाला दोन अब्जांवर पेन्सिली काढते. दोन अब्ज पेन्सिली म्हणजे चार अब्ज बुडखे. आमच्या प्रश्नाचा आवाका वाचकांच्या ध्यानात यावा म्हणून हा गुणाकार केला आहे.

शंका : हे सगळे कारखानदाराच्या बाजूने झाले. वापरणाऱ्याला त्या नावाचे काय?

समाधान : वापरणाऱ्याचेही नाव असते. मराठी मुलखात शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री आई ब्लेडने पेन्सिलीच्या बुडख्याची बोटभर साल तासते, आतले पांढरे लाकूड उघडे करते आणि त्यावर बॉलपेनने मुलाचे नाव व तुकडी लिहिते. यासाठी कोणत्याही संसदेकडे अर्ज करावा लागत नाही. प्रस्तुत लेखकाची आई हे नाव कारखान्याच्या छापील नावाला खेटून लिहीत असे, कारण 'तिकडून कोणी टोक काढत नाही.' लोथारच्या डोक्यात जे असावे असा आमचा तर्क आहे, ते तिने एका वाक्यात सांगितले होते.

ते वाक्य तिसरी ब मध्ये खोटे ठरले. लेखकाच्या शेजारच्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचे नाव इथे देत नाही, आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्याकडे गेलेली पेन्सिल दुसऱ्या दिवशी नावाच्या बाजूने टोक काढलेली दिसे. गिरमिटात चार वेढे घेतले की आईचे अक्षर, आडनाव, तुकडी सगळे गोल झालरीच्या सालीत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. बाईंनी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. पुरावा नव्हता. या प्रकरणातून आम्हांला एक नियम हाती लागला, तो नम्रपणे मांडतो : श्टाइनचे चोर दुसऱ्याच्या पेन्सिलीवर नाव घालत, आमचे चोर दुसऱ्याच्या पेन्सिलीवरून नाव काढत. पहिल्या गुन्ह्याला १८७५ सालापासून कायदा आहे. दुसऱ्याला अजून नाही.

नाव न घालणाऱ्यांचाही एक पंथ आहे, आणि तो आपल्याकडचा आहे म्हणून उल्लेख करतो. १९३१ साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. पुढे त्यातून रंग, पेन्सिली, कंपासपेट्या असा पसारा झाला. मराठी घर, मराठी भांडवल. पण त्या मालावर दांडेकर कुठे दिसत नाहीत. आधी घोडा आला, मग उंट, आणि 'कॅमल' व 'इंक' यांचा संधी होऊन 'कॅम्लिन' झाले. पिढ्यानपिढ्या मराठी मुले दांडेकरांच्या रंगांनी उगवता सूर्य, दोन डोंगर आणि मधून नदी रंगवत आली, आणि रंगवताना त्यांनी उंट पाहिला. पुढे जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा वाटा घेतला आणि 'कोकुयो कॅम्लिन' असे जोडनाव झाले. या लग्नात मात्र नव्याने आलेले नाव आधी आणि घरचे मागे. नटराज आणि अप्सरा या नावांत तर घराणे मुळीच नाही, थेट देवलोक आहे. नटराजाला नावाच्या बाजूने टोक काढणे हे नामभक्षण की विसर्जन, यावर स्वतंत्र निबंध लिहिता येईल.

एवढी साधने गोळा करूनही मूळ प्रश्नाचा निकाल लागेना, तेव्हा आम्ही थोटकांकडे वळलो. थोटूक ही पेन्सिलीची अखेरची अवस्था. ते बोटांत धरवत नाही म्हणून पेनाच्या टोपणात खोचून वापरतात. थोटूक तपासले की धनी कोणत्या पंथाचा ते तत्काळ कळते. इतिहासात नीट नोंद झालेले एक थोटूक आहे. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन होते. काकासाहेब कालेलकर गांधीजींच्या बरोबर होते. गांधीजी काहीतरी शोधत होते. काय हरवले म्हणून विचारले, तर पेन्सिल, अगदी लहानशी. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली. गांधीजींना ती नको होती. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ती त्यांना प्रेमाने दिली होती, ती हरवून कशी चालेल? दोघांनी मिळून शोधली. सापडली. दोन इंचांहूनही कमी होती.

या पेन्सिलीला कारखान्याच्या नावाने ओळखावे लागले नाही. धन्याच्या नावानेही नाही. जे नाव तिला लागले होते ते देणाऱ्याचे होते, आणि ते साल तासून कुठे लिहिलेले असण्याची शक्यता नव्हती. आमच्या दोन पंथांच्या मांडणीत ही पेन्सिल बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरीही काकासाहेबांसारख्या चोखंदळ लेखकाने लांबी सांगावी, देणाऱ्याचे नाव सांगावे, शहर सांगावे, आणि टोक कोणत्या बाजूने काढले होते ते सांगू नये?